अकरा खिशांचा झगा

नाटक मंडळीत तिला सगळे टाचणी म्हणत. ओठांत टाचण्या धरून बोलायची तिला सवय होती, आणि त्यातली एकही न सांडता ती भल्याभल्यांना सुनवायची. नाट्यगृह लहान, तळघर त्याहून लहान, आणि त्या तळघरात एक खिडकी, तीही रस्त्याच्या पातळीला. म्हणजे दिवसभर तिला फक्त लोकांचे पाय दिसत. बावीस वर्षं तिने तिथे बसून राजे शिवले, भिकारी शिवले, डॉक्टर, दरोडेखोर, भुतं शिवली. नाटक समोर बसून पाहणं तिच्या वाट्याला क्वचितच आलं. कुणाचं बटण तुटेल, कुणाची शिवण उसवेल, म्हणून ती विंगेत सुईदोरा घेऊन उभी असे. प्रत्येक नाटक तिला डाव्या बाजूने पाठ होतं.

त्या वर्षी मंडळीने एका पडलेल्या पुलाचं नाटक घेतलं. पूल पडतो, माणसं मरतात, चौकशी बसते. चौकशीला एक न्यायाधीश नेमतात आणि गावातले लोक एकेक करून पुरावा घेऊन त्याच्यापुढे येतात: गंजलेला बोल्ट, एका पायातली चप्पल, ठेकेदाराची चिठ्ठी. न्यायाधीश प्रत्येक वस्तू निरखून पाहतो, "फार महत्त्वाचा पुरावा आहे हा," म्हणतो आणि टेबलावर ठेवतो. शेवटी निकाल लागतो की पुलाचा काही दोष नव्हता, माणसंच जरा जड होती.

न्यायाधीशाचं काम मंडळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या नटाकडे होतं. आवाज अजून खणखणीत, पण हात कापायचे. तालमीला बोल्ट हातातून सुटला, गडगडत विंगेत आला. दुसऱ्या दिवशी चप्पल पडली. तिसऱ्या दिवशी म्हातारा तळघराच्या पायऱ्या उतरून आला आणि कापडाच्या गठ्ठ्यावर बसला.

"टाचणी, काहीतरी कर गं बाई. वस्तू पडली की पोरं हसतात आणि माझं वाक्य जागीच मरतं."

"मी काय करू? हात शिवून देऊ?"

"दे ना. जमत असेल तर दे."

तिने त्याच्या झग्याला खिसे लावले. मोठ्या तोंडाचे, आतून जाड कापडाचे, म्हणजे हात थरथरला तरी वस्तू बरोबर आत जावी. एकूण सात. त्या दिवशी तालमीत म्हाताऱ्याने बोल्ट उचलला, "फार महत्त्वाचा पुरावा आहे हा," म्हणाला आणि टेबलाऐवजी सरळ खिशात टाकला. मग दिग्दर्शक खुर्चीवरून उठून ओरडला, "हेच! हेच पाहिजे होतं मला!"

आता खरं म्हणजे तिथेच थांबायला हरकत नव्हती. पण टाचणीने त्या दुपारी झगा परत खाली नेला आणि कुणाला न विचारता आणखी चार खिसे लावले. एक बाहीच्या आत, एक कॉलरखाली, एक पार खाली काठाशी, आणि अकरावा पाठीवर. शेवटची साक्षीदार म्हणजे पुलावर मुलगी गमावलेली आई. ती मुलीची वही पुढे करते. न्यायाधीश प्रेक्षकांकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत उभा राहतो आणि त्याचा हात हळूच मागे येऊन ती वही पाठीवरच्या खिशात सरकवतो. ही हालचाल तिनेच म्हाताऱ्याला तळघरात दाखवली, हाताला धरून, चार वेळा.

ते तिच्या डोक्यात कुठून आलं हे तिने कुणाला सांगितलं नाही. ती नऊ वर्षांची असताना गिरणीत तिच्या वडिलांची तीन बोटं गेली होती. वडील धड हाताने तिचं बोट धरून एका कचेरीत अर्ज द्यायला जायचे. तिथले साहेब फार गोड बोलत. "बघतो हं, अगदी जातीने बघतो," म्हणत आणि अर्जाची घडी करून कोटाच्या खिशात ठेवत. तीनदा गेले, तीनदा तेच झालं. नऊ वर्षांच्या मुलीचे डोळे साहेबांच्या खिशाच्या उंचीला येतात. त्या खिशाची शिवण तिला अजून आठवत होती.

नाटक चाललं. लोक सातव्या खिशापर्यंत हसत, अकराव्याला नाट्यगृहात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता होई. वर्तमानपत्रात छापून आलं, "दिग्दर्शकाची प्रतिभा त्या अकरा खिशांत दिसते." दिग्दर्शकाने कात्रण फलकावर लावलं. टाचणीने ते वाचलं. ओठांत टाचण्या होत्या, त्यामुळे काही न बोलण्याला निमित्तही मिळालं.

नवव्या प्रयोगाला कुणीतरी पाठीवरच्या खिशाचा फोटो काढला. दोन दिवसांत तो फोटो गावभर फिरला, खाली ओळ, 'हा न्यायासनाचा अपमान आहे.' दहाव्या प्रयोगाला तिसऱ्या रांगेतले वीसेक लोक उभे राहिले आणि शिट्ट्या वाजवू लागले. टाचणी विंगेतून पळत तळघरात उतरली. कुणीतरी बाहेरच्या काचा फोडल्या. तळघराच्या खिडकीची काच मशीनवर येऊन पडली, आणि टाचणीला त्या चौकटीतून एक जोडी बूट दिसले, काळे, नवे, न हलणारे. ते बराच वेळ तिथेच उभे होते. वाकून आत बघत होते की काय, कोण जाणे. ती मशीनमागे जमिनीवर बसून राहिली. आपला श्वास बाहेर ऐकू जात असेल असं तिला वाटत होतं.

प्रयोग बंद झाले. झगा तपासाच्या लोकांनी कागदी पिशवीत घालून नेला, आणि आठवड्याने तीन नोटिसा निघाल्या: एक दिग्दर्शकाला, एक म्हाताऱ्याला, आणि एक 'सदर पोशाख शिवणाऱ्या इसमास'.

"इसम काय?" नवरा नोटीस उलटीसुलटी करत म्हणाला. "नाव पण माहीत नाही त्यांना तुझं."

"पत्ता माहीत आहे," ती म्हणाली.

नवरा पाणीखात्यात मीटर वाचायचं काम करायचा. तीस वर्षांत त्याने कुणाशी वर तोंड करून वाद घातला नव्हता. कुत्रं अंगावर आलं तरी त्याला 'अहो' म्हणेल असा माणूस. त्या दिवसापासून त्याचं जेवण अर्ध्यावर आलं. दोन घासांच्या मध्ये थांबून तो म्हणायचा, "पण तू फक्त शिवलंस. हो ना? सांगतील ते शिवायचं, एवढंच तुझं काम."

"हो."

"मग झालं तर. जे लिहितील त्याखाली सही कर आणि घरी ये. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत माझी."

ती मान हलवायची. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं तिचं झालं होतं. पहिल्या सात खिशांसाठी तिला झोप उडवायचं कारण नव्हतं. ते म्हाताऱ्याच्या हातांसाठी होते, देवाशपथ सांगता आलं असतं. उरलेल्या चारांचं काय?

आणि भीती काही एकदम दार फोडून आली नाही. ती पाहुण्यासारखी आली, एकेक सामान घेऊन. आधी शाळेचा निरोप आला. घरी शिवायला घेतलेले पन्नास गणवेश बेतून टेबलावर पडले होते, आणि मुख्याध्यापिका फोनवर म्हणाल्या, "सध्या राहू द्या. तुम्ही समजून घ्याल." मग समोरची वहिनी आली. वहिनीची जादा किल्ली सोळा वर्षं टाचणीकडच्या खिळ्याला लटकत होती. वहिनीने दारातच हात पुढे केला. "ती किल्ली जरा हवी होती. नणंद येणार आहे." तिला नणंद नव्हती, हे दोघींनाही ठाऊक होतं. मग फोन येऊ लागले. पलीकडून कुणी बोलायचं नाही. एकदाच एक माणूस बोलला, अगदी हळू, जणू घरातलं कुणी झोपलंय. "तूच का ती शिंपीण? बोटं जप हं." बस्स, तेवढंच. तिने फोन ठेवला आणि हात पदराखाली घेतले, जणू समोरच्याला ते दिसत होते.

त्यानंतर कापड कापताना तिची कात्री अडू लागली. बावीस वर्षांचा हात, पण कापडाला कात्री लावायच्या आधी तो थांबायचा आणि ती दाराकडे कान द्यायची.

नोटिशीत दिलेल्या दिवशी सकाळी अकराला दोघं तपासाच्या कचेरीत गेले. नवऱ्याला बाहेर बाकावर बसवलं. आत एक टेबल, दोन खुर्च्या, कोपऱ्यात टंकलेखन करणारी एक मुलगी, आणि टेबलापलीकडे तपास अधिकारी. टाचणीने मनात एखादा मिशाळ, ओरडणारा माणूस धरला होता. हा सडपातळ, चष्मेवाला, आवाजाने मऊ. त्याने स्वतः उठून तिला पाण्याचा पेला दिला. असा आवाज तिने नऊ वर्षांची असताना ऐकला होता.

"घाबरू नका ताई. तुम्हाला कुणी काही करणार नाही. मोठ्यांच्या भांडणात तुमच्यासारखी गरीब माणसं भरडली जातात, एवढंच. मी सगळं लिहूनच ठेवलंय. वाचा आणि सही करा, पाच मिनिटांत मोकळ्या."

त्याने कागद पुढे सरकवला. ती हळू वाचणारी बाई. तिने बोट ठेवून वाचलं. लिहिलं होतं, की सदर झग्याला अकरा खिसे लावण्याची सूचना दिग्दर्शकांनी दिली. न्यायासनाची टिंगल करण्याचा आपला हेतू त्यांनी तिच्यापाशी बोलून दाखवला. तिने विरोध केला असता, कामावरून काढण्याची धमकी दिली.

ओळी खालीवर होऊ लागल्या. सही करायची आणि घरी जायचं. बाहेर नवरा होता. दोन वर्षं राहिली होती. शिवाय दिग्दर्शकाने तिचं काय भलं केलं होतं? कात्रणात तिचं नाव होतं? श्रेय घ्यायला तो पुढे होता, मग आता हेही घे की म्हणावं. हा विचार तिच्या मनात आला, खोटं कशाला सांगा. तिने पेन हातातही घेतलं.

मग तिला दिसलं की पेन धरलेली आपली बोटं म्हाताऱ्यासारखी कापताहेत.

"हे असं नाही झालं," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की टंकलेखन करणाऱ्या मुलीने वर पाहिलं.

"कसं मग?"

"त्यांनी सांगितलं नाही मला. सात खिसे त्या म्हाताऱ्या नटाच्या हातांसाठी लावले, त्यांच्या हातून वस्तू पडतात म्हणून. आणि चार…"

"आणि चार?"

पेला समोर होता, पण उचलला तर सांडेल म्हणून तिने उचलला नाही.

"चार मीच लावले. माझ्या मनाने."

अधिकारी हसला. वाईट हसला नाही. लहान मुलाने 'चंद्र मी आणला' म्हटल्यावर हसावं, तसा हसला.

"ताई, तुम्ही शिवता. मी तुमच्या हातांबद्दल विचारत नाहीये. डोकं कुणाचं?"

"डोकं पण माझंच."

"दुसऱ्याचं पाप का डोक्यावर घेता? चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची मला हौस नाही. पाठीवर खिसा लावावा, त्यात त्या माणसाने तोंड फिरवून पुरावा टाकावा, हे तळघरात बसणाऱ्या बाईला सुचतं? हे शिकलेल्या, बेरकी माणसाचं काम आहे."

ती त्याच्याकडे बघत राहिली. भीती होती तशीच होती. पण त्या भीतीच्या खाली कुठेतरी तिला चक्क राग आला. बावीस वर्षांत कधी आला नव्हता तेवढा.

तिने तो टंकलेला कागद उलटा केला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर पेनाने झग्याची पाठ काढली.

"हे बघा. पाठीवर खिसा आडवा लावला तर माणसाचा हात आत जात नाही. खांद्याचं हाड आड येतं. करून बघा. म्हणून मी तो तिरका कापला, उजवीकडून असा. तोंडाला आत वेताची काडी घातली, म्हणजे ते उघडं राहील, पण काडी प्रेक्षकांना दिसणार नाही. वही जाईल एवढी रुंदी. मी घरून माझ्या सासरी गेलेल्या मुलीची जुनी वही आणून माप घेतलं. तुमच्याकडे झगा आहे ना? अस्तर उसवा. काडी सापडेल. तिच्याबद्दल दिग्दर्शकांना विचारा. त्यांना ती आहे हे ठाऊकसुद्धा नाही."

अधिकाऱ्याचं हसू गेलं. टंकलेखन थांबलं होतं. त्याने कोपऱ्यातल्या मुलीला खूण केली. मुलगी उठून आतून कागदी पिशवी घेऊन आली. त्याने कागद कापायच्या चाकूने अस्तर उसवलं. स्वतःच्या शिवणीवर चाकू फिरताना बघून टाचणीला अंगावर वार झाल्यासारखं झालं. काडी निघाली. त्याने ती टेबलावर ठेवली.

"का लावलात?" त्याने विचारलं. आवाज आता मऊ नव्हता.

"मी असा खिसा पाहिलाय," ती म्हणाली. कुठे, हे त्याने विचारलं नाही.

त्याने खण उघडून दुसरा एक कागद काढला. "गंमत बघा. तुमच्या दिग्दर्शकांनी कालच लिहून दिलंय, की खिसे त्यांनी सांगितले नाहीत, सगळं शिवणाऱ्या बाईने परस्पर केलं. आम्हाला वाटलं घाबरून तुमच्यावर ढकलताहेत. तुम्ही सही केली असती तर ते अडकले असते. आता…" त्याने खांदे उडवले. "आता तुम्ही सुईच्या टोकावर स्वतः येऊन बसलात."

मुलीने नवा जबाब टंकला. टाचणीने तो बोट ठेवून वाचला, आणि एके ठिकाणी थांबली. "इथे 'इसम' लिहिलंय. नाव घाला." मुलीने अधिकाऱ्याकडे न बघताच नाव घातलं.

बाहेर आल्यावर नवऱ्याने विचारलं, "केलीस सही?"

"केली."

"सुटलो बाई." त्याने कपाळ पुसलं. ती जिन्यावर बसली आणि तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, तिने त्याला सगळं सांगितलं. तो ओरडला नाही. भांडलाही नाही. तिच्यापासून दोन पायऱ्या वर जाऊन उभा राहिला, पाठ करून, आणि घर येईपर्यंत चार पावलं पुढे चालला. तीन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी कामावरून येताना दाराला लावायला एक जाड कडी घेऊन आला आणि गुडघ्यांवर बसून ती बसवली. "भिंत पोकळ आहे, स्क्रू धरत नाहीत," म्हणाला. एवढंच बोलला.

पाच महिने कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. तिला आणखी दोनदा बोलावलं. दर वेळी ती जायच्या आदल्या दिवशी ओकत असे. शेवटी एक पत्र आलं, की प्रकरण तूर्त स्थगित आहे, पुन्हा कधीही उघडता येईल. 'कधीही' या शब्दाखाली नवऱ्याने पेन्सिलने रेघ ओढली आणि पत्र कपाटात ठेवलं. झगा परत मिळाला नाही. गणवेश दुसरीकडे गेले. वहिनी जिन्यात भेटली की नमस्कार करायची, मात्र किल्ली आपल्याकडेच ठेवून.

दिग्दर्शक एकदा घरी आला. दारात उभा, हातात फळांची पिशवी.

"मी घाबरलो होतो," तो म्हणाला.

"मीपण."

"तुमची माफी…"

"माफी राहू द्या. त्या वर्तमानपत्राला पत्र लिहा, की खिसे माझे होते."

"आता? अहो, लोक विसरत आलेत. तुम्हालाच धोका वाढेल."

"छापून आलं तेव्हा धोका नव्हता. तेव्हाही नाही लिहिलंत."

तो बराच वेळ पिशवीचे बंद पिळत राहिला. लिहितो म्हणाला. लिहिलं की नाही, कोण जाणे. छापून तर आलं नाही.

म्हातारा मात्र वेगळ्या कामाला आला. मंडळी नवं नाटक बसवत होती, दुसऱ्या गल्लीत, एका गोदामात. त्याने सदऱ्यातून संहिता काढून तिच्यापुढे ठेवली. बावीस वर्षांत तिला नेहमी मापांची यादी मिळाली होती. संहिता कुणी दिली नव्हती.

"वाच आधी," तो म्हणाला. "शिवायचं की नाही ते मग सांग. नाही म्हणालीस तरी कुणी काही म्हणणार नाही."

दुपारची वेळ होती. म्हातारा गेल्यावर तिने दाराला नवी कडी लावली, चष्मा घातला आणि टेबलाशी बसली. नवऱ्याला सुटी होती. तो भाजी निवडत होता, आणि दर पानाला मान वर करत होता.

"कशाबद्दल आहे?"

"एका पोस्ट ऑफिसबद्दल."

"पोस्टात काय असणार म्हणा," तो म्हणाला, अर्धवट स्वतःशी. "पत्रं असणार."

ती त्या पानावर आली होती जिथे पोस्टमास्तर पत्रं फोडून वाचायला बसतो.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. जड, सावकाश, एकेक पायरी. दोघंही थांबले. नवऱ्याच्या हातातली शेंग अर्धी सोललेली राहिली. पावलं त्यांच्या मजल्यावर आली, दारापाशी थबकली, कुणीतरी खोकलं. मग पावलं पुन्हा सुरू झाली आणि वरच्या मजल्याकडे निघून गेली.

नवऱ्याने श्वास सोडला. "पुढे काय होतं?" त्याने विचारलं.

"थांब, वाचते," ती म्हणाली, आणि या वेळी मोठ्याने वाचू लागली.